लॅब्राडूडल: हुशार आहे, कबूल. पण स्वस्थ कधी बसणार?

झुळूक:
मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

आमच्याकडे भुंगा नावाचा लॅब्राडूडल आहे. वय साडेआठ महिने, रंग काळा, केस कुरळे, वजन बावीस किलो. आई लॅब, वडील मोठ्या आकाराचे पूडल. आणताना ज्याला त्याला विचारलं आणि ज्याने त्याने एकच उत्तर दिलं: लॅबचा स्वभाव आणि पूडलची बुद्धी. घरात दोन मुलं (नऊ आणि पाच वर्षं), सासूबाई आणि आम्ही दोघं. म्हटलं, याहून बरं काय हवं!

बुद्धीबद्दल तक्रार नाही. 'बस' दोन दिवसांत आलं, 'पंजा' एका संध्याकाळी. दाराची कडी नाकाने वर ढकलायला कोणीही शिकवलं नव्हतं, तीही आली. मोजा पळवला की घरातली चार माणसं आपल्यामागे धावतात हा शोध त्याने चौथ्या महिन्यात लावला. आता मोजा तोंडात धरून आधी आमच्या पुढ्यात येऊन उभा राहतो, आम्ही बघितल्याची खात्री करतो आणि मगच पळतो.

पण स्वस्थपणा म्हणून नाही. दिवसभर घरात येरझाऱ्या. मुलं धावली की हा मागे, बाह्या ओढणार. धाकटीला दोनदा पाडलं. गेल्या आठवड्यात केस विंचरताना माझ्यावर गुरगुरला, जे आजवर कधीच केलं नव्हतं. आणि सगळ्यात अपमानाची गोष्ट म्हणजे मी 'ये' म्हटलं की बहिरा होतो, शेजारच्या काकूंनी 'बस' म्हटलं की पाटावर बसल्यासारखा बसतो.

हे वयाचं आहे, जातीचं आहे की आमचं चुकतंय? आणि ते 'लॅबचा स्वभाव, पूडलची बुद्धी' खरं असतं का? सासूबाईंच्या मते दोन्हीकडचा फक्त वांडपणा आला आहे.

अर्धविराम:
मोज्याबद्दल +१. आमच्या कॉकापूला (कॉकर स्पॅनियल आणि पूडलचा संकर) रिमोट लागतो. टीव्ही चालू असेल तरच, बंद असताना ढुंकूनही बघत नाही.

जुना_गडी:
झुळूकताई, सासूबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. माझ्या घरात आतापर्यंत तीन कुत्री झाली: एक लॅब, एक रस्त्यावरून उचललेली आणि आता एक डूडल, म्हणजे तुमच्यासारखाच पूडलचा संकर. तिघांत 'हुशार' कोण हे मला आजही सांगता येणार नाही, कारण तिघांची हुशारी वेगवेगळ्या कपाटात ठेवलेली होती.

आधी 'पूडल दुसऱ्या क्रमांकाचा हुशार कुत्रा' हे जे सगळे ठोकून सांगतात ते कुठून आलं ते बघा. स्टॅन्ली कोरेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली एका पुस्तकात जातींची क्रमवारी दिली. पहिला बॉर्डर कॉली, दुसरा पूडल, तिसरा जर्मन शेफर्ड, चौथा गोल्डन रिट्रीव्हर, सातवा लॅब. ही क्रमवारी कशावरून? अमेरिका आणि कॅनडातल्या आज्ञापालन स्पर्धांच्या सुमारे दोनशे परीक्षकांच्या मतांवरून. म्हणजे रिंगणात पट्टा लावलेला कुत्रा, शेजारी हुकूम देणारा माणूस, आणि तो हुकूम किती वेळा सांगावा लागतो याची मोजणी. वरच्या गटातली कुत्री नवी आज्ञा पाचपेक्षा कमी वेळा सांगून शिकतात आणि शंभरातल्या ९५ वेळा पहिल्याच हाकेला करतात, असा त्याचा हिशेब.

कोरेन स्वतः तीन प्रकारची बुद्धी मानतो. एक उपजत, म्हणजे ज्या कामासाठी जात घडवली ते काम. दुसरी स्वतःच्या अडचणी स्वतः सोडवण्याची. तिसरी आज्ञा पाळण्याची. क्रमवारी फक्त तिसरीची आहे. तुमच्या भुंग्याची कडी दुसऱ्या खात्यात जाते, आणि त्या खात्याला कुणी मार्क देत नाही, उलट कडी बदलतात. शिवाय ती यादी अस्सल जातींची. डूडल तिच्यात नाहीच.

आमच्या रस्त्यावरच्या बाईसाहेब 'बस' आयुष्यभरात नीट शिकल्या नाहीत. पण घरात कोण आजारी आहे, कोण भांडून आलंय, कुणाजवळ जायचं आणि कुणापासून लांब राहायचं हे तिच्याइतकं कुणाला कळलं नाही, माणसांनाही.

तिरकस_रेघ:
कटू बोलतोय, राग नसावा. डूडल म्हणजे गोड नाव लावून महाग केलेली मिसळण. ज्या माणसाने ही जात काढली त्यालाच नंतर पश्चात्ताप झाला, हे शोधून वाचा. अस्सल जातीत निदान काय मिळणार ते ठाऊक असतं. इथे नशिबाची सोडत. मग धागे निघतात.

खारूताई:
तिरकसभाऊ, अर्धी गोष्ट सांगून पळू नका, पूर्ण सांगा.

वॉली कॉनरन हे ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत प्रजननाचं काम बघत. हवाईमधल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी. कॉनरननी आधी सरळ पूडलच शिकवून बघितले, एकदोन नाही, तेहतीस. एकही त्या कामाला उतरला नाही. मग १९८९ मध्ये लॅब आणि मोठा पूडल असा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले आणि त्यातलं एकच त्या गृहस्थांना सोसलं. त्याचं नाव सुलतान. राहिलेली दोन पिल्लं सांभाळायला घ्यायला कुणी पुढे येईना, संकर म्हटलं की लोक नाक मुरडायचे. म्हणून 'लॅब्राडूडल' हे नाव पुढे केलं आणि त्याच लोकांची रांग लागली.

कॉनरननी २०१९ मध्ये पश्चात्ताप बोलून दाखवला हे खरं. पण त्यांची खंत अशी की त्या नावामागे वाटेल ते लोक वाटेल ती कुत्री एकत्र आणून पैसे करायला लागले. सुलतान वाईट निघाला असं ते कुठेही म्हणाले नाहीत.

मला या गोष्टीत खरं मोलाचं वाटतं ते तेहतीस पूडलांचं. क्रमवारीत दुसरा नंबर असलेल्या जातीचे तेहतीस कुत्रे एका कामाला चालले नाहीत. हुशारी कमी पडली असेल असं वाटत नाही. वाटाड्या कुत्र्याला गर्दीत, आवाजात, तासन्‌तास काहीही न घडता शांत राहावं लागतं. तो स्वभाव वेगळा मोजावा लागतो.

तिरकस_रेघ:
माहितीबद्दल आभार. तरी तीनपैकी एकच सोसलं ना? सोडतच झाली की.

गुणसूत्र:
धाग्याच्या मूळ प्रश्नावर येतो. तिरकस यांचा 'सोडत' हा शब्द मी उचलतो, फक्त अस्सल जातीतही सोडतच असते, चिठ्ठ्या थोड्या कमी इतकंच.

'एकाचा स्वभाव, दुसऱ्याची बुद्धी' ही कल्पना दोन भांड्यांतून हवं तेवढं ओतून घेण्यासारखी आहे. प्रत्यक्षात पिल्लाला दोन्हीकडून निम्मी जनुकं मिळतात, आणि कुठली निम्मी ते प्रत्येक पिल्लागणिक बदलतं. स्वभाव घडवणारी जनुकं पुष्कळ असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यामुळे लॅबचा हावरेपणा आणि पूडलचा दचकरेपणा एकाच पिल्लात येऊ शकतो, आणि पाठच्या भावात नेमकं उलटं.

२०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं वाचली. यात मिश्र कुत्री भरपूर होती, आणि सगळी गंमत त्यांच्यामुळेच आली. अस्सल लॅब घेतला की लॅबसारखा दिसणारा, लॅब म्हणून वाढवलेला, लॅब म्हणून मालकाने वर्णन केलेला कुत्रा मिळतो, त्यातलं रक्तातलं किती आणि बघणाऱ्याच्या डोळ्यातलं किती हे सुटं करता येत नाही. मिश्र कुत्र्यात ते करता येतं. निष्कर्ष असा की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो. आज्ञा ऐकण्याची वृत्ती जातीशी त्यातल्या त्यात जास्त बांधलेली निघाली. आणि डिवचलं तर किती पटकन बिथरतो, हे जातीवरून जवळजवळ सांगताच येत नाही. मिश्र कुत्र्यात लॅबचा अंश जास्त असला म्हणून तो माणसांशी जास्त प्रेमळ निघाला, असंही दिसलं नाही.

म्हणजे कुटुंबाला सगळ्यात जास्त ज्याची काळजी, तेच नावावरून सर्वांत कमी कळतं.

अर्धविराम:
मग पिल्लू निवडायचं तरी कशावरून?

गुणसूत्र:
आई बघा. जमलं तर वडीलही. आईला अनोळखी माणूस आवडतो का, कोपऱ्यात दबून बसते का. आणि तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू कुठे होतं ते विचारा. स्कॉट आणि फुलर या दोघांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं पाच जातींची पिल्लं आणि त्यांचे संकर वाढवून बघितले, १९६५ मध्ये ते सगळं प्रसिद्ध झालं. त्या काळात माणसं भेटली नाहीत तर पुढे माणसांची भीती बसते, हे त्यांनी दाखवून दिलं. पिल्लू घरात, आवाजात, माणसांत वाढलं, का मागच्या खोलीत बंद होतं, हा प्रश्न 'एफ१ की एफ१बी' या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

खारूताई:
एफ१बी म्हणजे काय ते इतरांसाठी सांगून टाका, नाहीतर पुढचे दहा प्रतिसाद त्यावरच.

गुणसूत्र:
एफ१ म्हणजे लॅब गुणिले पूडल. त्या पिल्लाला परत पूडलशी जुळवलं की एफ१बी, म्हणजे पाऊण पूडल. एफ१ गुणिले एफ१ म्हणजे एफ२, आणि यात भावंडं एकमेकांपासून सगळ्यात लांब जातात, एक कुरळं, एक सरळ केसांचं. हे आकडे केसांसाठी पाहिले जातात. स्वभावासाठी त्यांचा अर्थ काढणारी माणसं भेटतात, त्यांच्याकडून पिल्लू घेऊ नका.

तिरकस_रेघ:
आणि 'अॅलर्जी होत नाही' हेही सांगा ना. तेही थापच.

गुणसूत्र:
हो, तिथे तुमच्याशी सहमत. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये मोजून बघितलं, 'अॅलर्जी न करणाऱ्या' म्हणवणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत अॅलर्जीचं मुख्य प्रथिन कमी निघालं नाही. अवांतर पुरे.

पशुवैद्य_निवृत्त:
झुळूक, बाकी चर्चा चालू द्या. मला तुमच्या पोस्टमधली एकच ओळ दिसते आहे. 'केस विंचरताना गुरगुरला, आजवर कधीच केलं नव्हतं.'

यात स्वभाव शोधू नका, आधी दुखतंय का ते शोधा. लॅब आणि पूडल यांचे केस एकत्र आले की अनेकदा असं होतं की पूडलसारखे वाढत राहतात आणि लॅबसारखे दाट असतात. गळणारा केस खाली पडत नाही, आतच अडकतो. वरून ब्रश गुळगुळीत फिरतो आणि कातडीलगत जटा तयार होतात. काखेत, कानामागे, जांघेत, पट्ट्याखाली. चालताना प्रत्येक पावलाला ती जट कातडी ओढते. आठ महिन्यांच्या सुमारास पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात, नेमकी तेव्हा ही भानगड वाढते.

बोटं कातडीपर्यंत घालून बघा. कंगवा मुळापासून जातो का बघा. कान उचलून वास घ्या, आंबूस वास किंवा तपकिरी मळ दिसला तर डॉक्टरांकडे न्या. लोंबत्या, केसाळ कानांत ओल राहते. तीस वर्षांच्या कामात 'एकाएकी चिडका झाला' म्हणून आणलेल्या कुत्र्यांमध्ये कान, दात, सांधे आणि जटा यांनी मला जेवढं काम दिलं तेवढं 'वाईट स्वभावाने' दिलं नाही.

आणि गुरगुरल्याबद्दल ओरडू नका. ती सूचना आहे. सूचना देणं बंद केलं तर तो थेट पुढच्या पायरीवर जाईल.

झुळूक:
डॉक्टर, आत्ता काखेत बोट घालून बघितलं. खरंच टणक गाठीसारखं लागतंय, दोन्ही बाजूंना. आणि त्याने हात चाटला पण गुरगुरला नाही. मला फार अपराधी वाटतंय. मी रोज ब्रश करत होते हो.

पशुवैद्य_निवृत्त:
रोज ब्रश करणाऱ्यांच्याच कुत्र्यांत या जटा जास्त सापडतात. वरवर इतकं छान दिसतं की आत बघायचं सुचत नाही. कात्री लावू नका, कातडी जटेत ओढलेली असते, कापली जाते. मशीननेच काढावं लागेल.

जुना_गडी:
'काकूंचं ऐकतो, माझं नाही' यावर. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये वाटाड्या कुत्र्यांच्या पिल्लांवर हेच तपासलं होतं. पाच महिन्यांची असताना आणि आठ महिन्यांची असताना 'बस' म्हणून बघितलं. आठव्या महिन्यात पिल्लं सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकायला लागली, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती. घरोघरचे पंधरा वर्षांचे आठवून बघा.

म्हणजे तुमचा अपमान वगैरे काही नाही, ताई. या वयात हे आपल्याच माणसाच्या वाट्याला येतं. वर्षभराचा झाला की परत ऐकायला लागतो. तोवर पट्टा लांब ठेवा आणि 'ये' हा शब्द वाया घालवू नका. येणार नाही अशी खात्री असेल तेव्हा हाक मारायचीच नाही, सरळ जाऊन आणायचं.

शिट्टीवाली:
मी कुत्री शिकवण्याचं काम करते, डूडल माझ्याकडे पुष्कळ येतात. माझं मत जरा वेगळं पडेल.

लोकांना वाटतं हुशार कुत्रा सांभाळायला सोपा. माझा अनुभव उलटा आहे. मठ्ठ कुत्र्याला तुम्ही शिकवता तेवढंच येतं. हुशार कुत्रा चोवीस तास शिकत असतो आणि त्यातला तुमचा तास एखादाच. बाकी तेवीस तासांचे शिक्षक म्हणजे मोजे, कडी आणि धावणारी मुलं.

त्यात दोन्ही बाजूंचं पूर्वजांचं काम बघा. लॅब न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या पाणकुत्र्यांच्या वंशातला, पडलेलं ते तोंडात धरून आणायचं. पूडल तरी काय, जर्मन 'पुडेल'मध्ये पाण्यात डुंबणंच आहे, शिकाऱ्याने पाडलेलं बदक पाण्यातून आणणारा कुत्रा तो. ते फॅशनेबल केस कापणंही मुळात पोहायला सोपं जावं म्हणून. दोन आणून देणारे कुत्रे एकत्र केले तर काय मिळणार? तुमचा मोजा आणून दाखवणारा कुत्रा. तो खोड्या करत नाहीये, नोकरी करतोय. पगार म्हणून तुम्ही पळापळ देता.

मोजा आणला की खूश व्हा, तोंडापुढे खाऊ धरा, मोजा घ्या. आणि बहुतेक वेळा परत देऊन टाका. दहा दिवसांत पळण्यातली मजा संपते. सगळे मोजे आता तुमच्या पायाशी येऊन पडतील, त्याची तयारी ठेवा.

येरझाऱ्यांबद्दल: किती झोपतो?

झुळूक:
रात्री आठ तास. दिवसा... झोपत नाही हो फारसा. मुलं शाळेतून आली की संध्याकाळ अशीच जाते. म्हणून तर दमवायला सकाळी तासभर चेंडू फेकते आणि संध्याकाळी परत.

शिट्टीवाली:
तुम्ही त्याला दमवत नाही आहात, खेळाडू करताय. रोज दोन तास चेंडू म्हणजे दोन तास तापलेलं डोकं आणि महिनाभराने त्याला तीन तास लागतील. या वयाच्या कुत्र्याने दिवसाचे निम्म्याहून जास्त तास झोपलं पाहिजे, सोळा तास झोपला तरी मला नवल वाटणार नाही. लहान मूल झोप उलटली की जसं किरकिरं होतं तसा भुंगा संध्याकाळी होतोय.

चेंडू पाच मिनिटांवर आणा. त्याऐवजी वास घेत रमतगमत फिरू द्या, पट्टा सैल. खाणं वाटीत देऊ नका, गवतात विखरा, जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा. नाकाने काम केलेला कुत्रा आपणहून आडवा होतो. दुपारी आणि मुलं यायच्या आधी जाळीपलीकडे किंवा शांत खोलीत दोन-दोन तास सक्तीची विश्रांती.

आणि मुख्य म्हणजे आडवं पडणं शिकवा. सतरंजी अंथरा, तो तिच्यावर आला की काही न बोलता पुढच्या पायांमध्ये खाऊ ठेवा. बसला, ठेवा. मान टेकली, ठेवा. 'शाब्बास' वगैरे ओरडू नका, तो उठेल. तो काहीच करत नाही तेव्हा आपण त्याच्याकडे बघत नाही, आणि इथेच सगळं चुकतं.

मुलांचं मात्र नियमाने. मुलं पळण्याचे खेळ खेळताना भुंगा जाळीपलीकडे, चर्चा नाही. भुंगा जेवताना, झोपलेला असताना मुलांनी हात लावायचा नाही. पाच वर्षांची मुलगी आणि बावीस किलोचा कुत्रा एका खोलीत असतील तर मोठं माणूस तिथेच, फोन न बघता.

अर्धविराम:
'तोंडापुढे खाऊ' वरून आठवलं. आमच्या ओळखीतला लॅब खाण्यासाठी काहीही करतो, म्हणून त्याला सगळे हुशार म्हणतात. ही हुशारी की भूक?

पशुवैद्य_निवृत्त:
छान प्रश्न. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. असे लॅब खाण्यामागे जास्त असतात आणि जाडही होतात. आणि मदतनीस कुत्रे म्हणून निवडलेल्या लॅबमध्ये हाच बदल चारातल्या तिघांत सापडला! खाऊवर शिकवायचं म्हटल्यावर भुकेला विद्यार्थीच पहिला येणार. तेव्हा 'शिकायला सोपा' यातला काही भाग पोटातला असतो हे धरून चाला. डूडलकडे ही भूक आईकडून येऊही शकते. वजनावर लक्ष ठेवा.

पाऊलखुणा:
सगळं वाचलं. लिहू की नको करत होते.

आमचीही लॅब्राडूडल होती, दोन वर्षं. वर सांगितलेलं सगळं केलं. झोप, नाकाचे खेळ, सतरंजी, दोन ट्रेनर, डॉक्टर, औषधही. ती अतिशय हुशार होती आणि अतिशय घाबरट. नऊ आठवड्यांची आली तेव्हाच टेबलाखाली गेली होती. नंतर कळलं की पिल्लं एका शेडमध्ये वाढली होती, विकणाऱ्याने आम्हाला घरातल्या सोफ्यावरचे फोटो पाठवले होते. तिला आमची माणसं जीव की प्राण, पण मुलाचे मित्र आले की थरथरायची, आणि पुढे पुढे दारावर झेप घ्यायला लागली. तिची हुशारी इथे आमच्या विरुद्ध गेली. बुटांच्या आवाजावरून, गेटच्या कुरकुरीवरून तिला आधीच कळायचं कोण येतंय. मंद कुत्र्याला दार उघडल्यावर भीती वाटली असती, तिला दहा मिनिटं आधीपासून वाटायची.

शेवटी तिला एका प्रौढ जोडप्याकडे दिलं. मुलं नाहीत, पाहुणे कमी. तिथे ती बरी आहे. फोटो येतात. आम्हाला अजून लोक विचारतात की डूडल असून असं कसं?

शिट्टीवाली:
पाऊलखुणा, लिहिलंत ते बरं केलंत. शिकवून सगळं होत नाही, आणि हे माझ्या धंद्यातले लोक क्वचित कबूल करतात. तुम्ही तिच्यासाठी योग्य घर शोधलंत.

तिरकस_रेघ:
पाऊलखुणा, माझ्या वरच्या टोमण्याबद्दल सॉरी. आमच्या अस्सल, कागदपत्रांसकट आणलेल्या गोल्डनने माझ्या भावाच्या मुलाला चावा घेतला होता. इथे पहिल्यांदाच सांगतोय. त्याचेही आईवडील आम्ही बघितले नव्हते.

खारूताई:
तिरकसभाऊ __/\__

झुळूक:
तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व.

भुंग्याला घेऊन गेलो. दोन्ही काखांत, कानांमागे आणि पोटाखाली जटा, उजव्या कानात संसर्ग. सगळे केस मशीनने उतरवले. आत इतका बारीक कुत्रा होता हे आम्हाला माहीतच नव्हतं. धाकटी रडली, 'आपला भुंगा कुठे गेला' म्हणून. कानात दहा दिवस थेंब टाकले. आता कंगवा बघून स्वतः येऊन आडवा होतो, अर्थात त्यातला किती भाग खाऊसाठी आहे ते डॉक्टर जाणतात.

चेंडू बंद केला. पहिले चार दिवस भयंकर गेले, चेंडूच्या कपाटासमोर बसून आमच्याकडे बघायचा. पाचव्या दिवशी दुपारी जाळीपलीकडे घोरताना सापडला. संध्याकाळच्या येरझाऱ्या निम्म्यावर आल्या आहेत. मुलांच्या बाह्या अजून धरतो, पण जाळीचा नियम मोठा मुलगा आमच्यापेक्षा कडक पाळतो. 'ये' अजून काकूंचंच ऐकतो.

मोज्यांचं शिट्टीवालीताई म्हणाल्या तसंच झालं. काल सकाळी माझ्या उशाशी अकरा मोजे होते, त्यात चार आमचे नाहीत.

अर्धविराम:
एक निळा, टाचेला भोक असलेला असेल तर तो माझा समजा.

जुना_गडी:
झुळूकताई, कडीचं काय झालं?

झुळूक:
बदलली. नवीन कडी फिरवून उघडायची आहे. सासूबाईंनी त्याच्यासमोरच दोनदा उघडून दाखवली.